वाकड्या डोळ्यांचा कप्तान

धनेश मेस्त्रीच्या टेबलावर बारा महिने राक्षसांची गर्दी. दोन डोक्यांचे, शेपटीवाले, कुऱ्हाडवाले. उंची अंगठ्याच्या पेराएवढी आणि आव असा की लालबाग-परळ एका घासात गिळतील. त्यांच्यात अधूनमधून एखादा सरदार, एखादी चेटकीण. चांगली शिकलीसवरलेली मोठी माणसं टेबलाभोवती बसून फासे टाकत एक गोष्ट खेळतात, रविवारचे रविवार, वर्षानुवर्षं. त्या गोष्टीतलं ज्याचं त्याचं पात्र म्हणजे हे बाहुलं. ते रंगवून घ्यायला हौशी लोक धनेशकडे येतात, कोणी बंगळुरूहून कुरियर करतो, कोणी दादरहून स्वतः जिना चढतो. ही मंडळी त्यांना मिनी म्हणतात. धनेशची आई गंगुबाई त्यांना बावले म्हणते.

"गणपतीचे डोळे काढणारो हात," येईल त्याला ती ऐकवायची, "आता भुतांका काजळ घालता."

तिचं अगदीच खोटं नव्हतं. धनेशचा बाप दौलत मेस्त्री याचा लालबागला गणपतीचा कारखाना होता आणि धनेश पोरवयापासून तिथे डोळ्यांची आखणी करायचा. आखणी सगळ्यात शेवटी. एकदा डोळे आले की मूर्ती बघायला लागते, मग तिच्यासमोर शिवी द्यायची नाही, असा दौलतचा दंडक. आणि दौलत हा शिव्यांशिवाय पाणी न मागणारा माणूस, त्यामुळे आखणी झाली की कारखान्यात स्मशानशांतता पसरायची. बाप गेला, कारखान्याच्या जागेवर टॉवर आला. आता श्रावणात धनेश दुसऱ्यांच्या कारखान्यात जाऊन आखणी करून देतो आणि उरलेलं वर्ष राक्षसांवर काढतो. त्याला दोन्हीत फारसा फरक वाटत नाही. त्याला कशातच फारसा फरक वाटत नाही, असं त्याच्या आईचं मत आहे.

दौलतच्या कारखान्यात आणखी एक रीत होती. आजूबाजूचे लोक आपल्या घरातले मोडलेले देव दारात आणून ठेवायचे. तडा गेलेला बाळकृष्ण, हात तुटलेली लक्ष्मी. खंडित मूर्ती पूजेत चालत नाही आणि फेकायला हात धजत नाही. मग दौलत कोणाचा, काय, काही विचारायचा नाही. घरचा गणपती निघाला की हे सगळे त्याच्याबरोबर त्याच पाण्यात. "मोडललो देव म्हणान लाज धरूची नाय," तो म्हणायचा, "तेका पोचवूचो." ही रीत पुढे धनेशच्या अंगाशी येणार होती, पण ते त्याला कसं कळावं?

श्रावण संपत आला होता तेव्हा गिरगावहून जेन आली. पन्नाशी उलटलेली, शाळेच्या ऑफिसात नोकरी, बोलणं तुटक. स्टॅनली नावाच्या धनेशच्या जुन्या गिऱ्हाइकाने तिला पाठवलं होतं. तिने पर्समधून औषधाची रिकामी डबी काढली आणि तिच्यातल्या कापसातून एक मिनी बाहेर काढला.

"हा माझ्या भावाचा. जेरीचा. सामान बांधताना पडला, हात तुटला. हात फळ्यांच्या फटीत गेला, मिळाला नाही."

धनेशने तो भिंगाच्या दिव्याखाली धरला. शिशासारख्या जड धातूचा, आता बाजारात न मिळणारा जुना नमुना. मिशाळ दर्यावर्दी, पायात भलेमोठे बूट, डाव्या हातात दारूचा प्याला. उजवा हात खांद्यापासून तलवारीसकट गायब. रंगकाम मात्र बघवत नव्हतं. कोटाचा लाल मिशांवर उतरला होता. डोळ्यांची तर कमाल होती, उजवा डोळा बुटांकडे बघत होता आणि डावा आढ्याकडे.

"रंग जेरीने दिलाय?" धनेशने शक्य तितक्या सभ्यपणे विचारलं.

"तुला हसायचं असेल तर हस. आम्ही सगळेच हसायचो."

मग तिने काय ते सांगितलं. जेरी, स्टॅनली, फ्रँक आणि त्याची बायको डायना असे चौघं तिच्याच घरी दर रविवारी खेळायचे. खेळातली गोष्ट स्टॅनली चालवायचा. जेरीचा कप्तान आपलं बुडालेलं जहाज शोधत फिरायचा आणि स्टॅनली त्याला ते कधीच मिळू द्यायचा नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेत जेरी गेला. जेन तेव्हा दुसऱ्याच हॉस्पिटलात होती. ती घरी आली तेव्हा त्याला पुरूनही झालं होतं. कोणी? कोणी का असेना, घरचं नव्हतं. तोंड कोणी पाहिलं नाही, प्रार्थना कोणी म्हटली नाही.

"तेव्हापासून हे तिघं कप्तानाला तसाच पटावर ठेवतात," ती म्हणाली. "त्याच्या वाटणीचे फासे कोणी टाकत नाही. नुसतं पुढे सरकवतात. तीन वर्षं गोष्ट संपवतच नाहीत. आता वाडी पाडणार, मी वसईला चालले. अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी शेवटचा डाव. तोपर्यंत ह्याला हात लावून दे. बाकी कशाला हात लावू नकोस, डोळ्यांना तर मुळीच नको. जेरीच्या हातचं एवढंच उरलंय."

"गणपती झाले की करतो, मॅडम," धनेश म्हणाला. कप्तानाला त्याने भिंगाखालीच उभा केला, सवयीने मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढले आणि तो आखणीच्या कामावर निघून गेला. आता या दिवसांत आखणी करणाऱ्याला घरी कोण बघतो? भाकरी खायला आला तरी तो डोळे मिटून खातो.

मेस्त्र्यांच्या घरी गणपती पाच दिवसांचा. बापाच्या वेळेपासून विसर्जन गिरगाव चौपाटीला. धनेशने पाट डोक्यावर घेतला, कमरेएवढ्या पाण्यात गेला, तीन वेळा बुडवला आणि गणपती सोडला. पाटावर लाल फडक्याची एक गाठोडी होती. देवाच्या वाटेची शिदोरी असणार, म्हणून तीही त्याने पाण्यात सोडली. येताना ओंजळभर वाळू आणली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपला आणि उठून कप्तानाच्या हाताला बसला, तर भिंगाखाली कप्तान नव्हता.

टेबल उपसलं. राक्षस आडवे पडले. डबी होती, कापूस होता, कप्तान नाही.

"आये, इथे एक मिशीवाला होता. हात तुटलेला. बघितलास?"

"वेतोबा?"

"कोण वेतोबा?"

"कोण म्हणान काय इचारतस?" गंगुबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "वेतोबा! आपलो राखणदार! मिशी, हातात वाटी, तलवारीचो हात मोडललो. तुझ्या त्या भिंगातून मिया बगलंय. त्या राक्षसांत बिचारो एकटो उभो. घरात गणपती आणि मोडललो देव तसोच ठेवतत काय? कोणीतरी तुझ्याकडे दिल्यान असतलो, तुझ्या बापाशीकडे देयत तसो. तुका सवड नाय. म्हणान मिया तेका तांबड्या फडक्यात बांधलंय आणि पाटार ठेवलंय." मग तिला काहीतरी खटकलं. "कित्याक? तूच नाय पोचवलंस?"

धनेशला पाटावरची ती लाल गाठोडी आठवली. कोकणातल्या कुणाही माणसाने वेतोबा पाहिला असेल तर त्याला यात हसायला जागा नाही. मोठाल्या मिशा, एका हातात तलवार, दुसऱ्यात वाटी, आणि रात्रभर गावाच्या वेशीवरून फिरून चपला झिजवणारा देव. वाटीच्या जागी दारूचा प्याला आणि चपलांच्या जागी बूट, एवढाच काय तो फरक. आईला काय बोलणार? तिने बापाची रीत पाळली होती. आणि सोडला होता त्याने स्वतः, आपल्या हातांनी, मोठ्या भक्तिभावाने.

ओहोटीच्या वेळी तो चौपाटीवर जाऊन आला. किनाऱ्यावर पालिकेची माणसं अर्धवट विरघळलेले गणपती गोळा करत होती. तिथे अंगठ्याच्या पेराएवढा धातूचा माणूस शोधायचा. त्याने थोडा वेळ पायाने वाळू उकरली, मग भेळवाले बघायला लागले तेव्हा थांबला.

खरं सांगायचं की नाही, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारलाच नाही. तीन वर्षं फक्त एवढंच जपून ठेवलेल्या बाईला कुठल्या तोंडाने सांगायचं? त्यापेक्षा दुसरा करावा. त्याच साच्यातला कोरा मिनी माहीमच्या सॅशाकडे होता. सॅशा म्हणजे जुने मिनी जमवणारी बाई, पाकीट न फोडता कपाटात लावून ठेवते आणि पाहुण्यांना कपाटापासून चार हात लांब उभं करते. तिच्यासमोर धनेशने पदर पसरायचाच बाकी ठेवला. शेवटी तिने बदल्यात त्याचा ड्रॅगन मागितला, जो त्याने स्वतःसाठी रंगवला होता आणि कधी कोणाला दिला नव्हता. दिला. पाकीट फाडण्याचा आवाज ऐकवणार नाही म्हणून सॅशाने त्याला जिन्यात जाऊन ते फाडायला लावलं.

मग वाईट रंगवायला बसला. ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. चांगलं काम हाताला आपोआप येतं, वाईट ठरवून करावं लागतं. फोटो समोर ठेवून त्याने लाल मिशांवर उतरवला, बुटांवर डाग पाडले. उजवा हात मुद्दाम नवा, जोडल्यासारखा दिसेल असा केला. शेवटी डोळे. ब्रश टेकवला की हात आपसूक सरळ जायचा. पुसला. पुन्हा सरळ. त्याला स्वतःचाच राग आला. आयुष्यात इतके डोळे काढले, एकही वाकडा गेला नाही याचा अभिमान होता, तो आता आडवा आला. बऱ्याच खटपटीने एक बुटांकडे गेला आणि दुसरा आढ्याकडे. फोटोशी ताडून पाहिलं, तंतोतंत. धनेशच्या जिवात जीव आला.

गंगुबाईने तो भिंगाखाली पाहिला आणि मागे सरली. "पोचवललो देव परत हाडलंस?"

"देव नाही तो, आये. बाहुला आहे. आणि हा दुसरा आहे."

"दुसरो? मग तेंका सांगतलस?"

"नाही. आणि तूही तोंडातून चकार शब्द काढायचा नाही."

रविवारी ती लुगडं बदलून चपला घालून दारात उभी राहिली. तिने केलेलं आहे तर ती येणार. तिला अडवण्यापेक्षा गणपतीची मिरवणूक अडवणं सोपं.

वाडीतलं जेनचं घर अर्धं खोक्यांत गेलं होतं. भिंतीवर फोटोंच्या जागी फिकट चौकोन उरले होते. मधल्या टेबलावर पट मांडला होता, डोंगर, दरी, पुठ्ठ्याचा किल्ला. एका टोकाला जाड भिंगांचा स्टॅनली, बाजूला फ्रँक आणि डायना. एक खुर्ची रिकामी, तिच्यावर कोणी बसत नाही हे न सांगता कळत होतं. जेनने गंगुबाईला खिडकीशी बसवलं, हातात सरबत दिलं.

"आंटी, आरामात बसा हां."

धनेशने डबी पुढे केली. जेनने कप्तानाला बाहेर काढून दिव्याकडे धरला आणि बराच वेळ पाहिला. चोराच्या मनात चांदणं. तिची प्रत्येक हालचाल धनेशला झडतीसारखी वाटत होती.

"हात मस्त केलायस," ती म्हणाली. "डोळ्यांना नाही ना लावलास काही?"

"नाही, मॅडम."

"थँक यू."

झालं. निभावलं. फ्रँकने कप्तानाला पटावर ठेवून पाहिला. डायना म्हणाली, "बघ, परत छताकडे बघायला लागला." सगळे हसले. स्टॅनलीने फासे हातात घेतले. धनेशने आईकडे पाहून निघायची खूण केली.

"स्टॅनली, नीट संपव हां आज," जेन म्हणाली. "मी फादरशी बोललेय. उद्या सकाळी आपण सगळे कबरस्तानात जाऊ, ह्याला जेरीच्या बाजूला पुरू. फादर दोन शब्द बोलतील. जेरीला तेव्हा कोणीच काही बोललं नाही. ह्याला तरी नीट सोडू."

निघायला उठलेला धनेश तसाच उभा राहिला. खरं तर याहून सोयीची गोष्ट नव्हती. उद्या सकाळी पुरावा मातीखाली जाणार, पुढे कोणी भिंग लावून तपासणार नाही. पण ज्या मूर्तीत देव उतरला नाही ती नुसती माती, हे तो चालायला लागल्यापासून ऐकत आला होता. ज्या बाईला भावाला पोचवता आलं नाही तिच्या हातून उद्या सॅशाच्या कपाटातला कोरा मिनी पुरला जाणार, आणि त्याच्यावर फादर प्रार्थना म्हणणार. त्याला हे सोसेना. कशातच फरक न वाटणाऱ्या माणसाला घाम फुटला.

"मॅडम, ह्याला पुरू नका," तो म्हणाला. "हा जेरीचा नाही. हा मी केलाय."

मग त्याने सगळं सांगितलं. भराभर, खाली मान घालून. भिंग, वेतोबा, लाल फडकं, चौपाटी. मध्ये गंगुबाई एकदाच बोलली, "तेचो काय दोष नाय, बाय. मिया बांधलंय. देव म्हणान बांधलंय." जेनचा चेहरा पांढरा पडला होता. तिने टेबलाची कड धरली होती.

"समुद्रात टाकला," ती म्हणाली.

"टाकला नाही, मॅडम. सोडला."

"काय फरक आहे?"

उत्तर गंगुबाईने दिलं. ती सरबताचा ग्लास खाली ठेवून उठली आणि जेनसमोर येऊन उभी राहिली.

"फरक आसा, बाय. पाच दिस गणपतीच्या पाटार बसललो तो. रोज दोन टायम आरती घेतल्यान. निवेद खाल्ल्यान. जाताना आमी सगळ्यांनी नमस्कार केलो. ह्या माझ्या झिलान तेका डोक्यार घेतल्यान आणि पाण्यात उतारलो. टाकणां असां नसता."

जेन धनेशकडे वळली. "काही बोललास? सोडताना?"

"सगळे म्हणतात तेच."

"काय?"

"पुढच्या वर्षी लवकर या."

जेनच्या तोंडून एक आवाज निघाला. धनेशला वाटलं रडली. ती हसत होती.

"लवकर? जेरी?" तिने डोळे पुसले, पण ते पुन्हा भरले. "अरे, तो स्वतःच्या बाप्तिस्म्याला उशिरा पोचला होता. ममीची टॅक्सी बंद पडली म्हणून." आणि मग मात्र ती खरोखर रडली, मोठ्याने, तीन वर्षांचं. डायना उठून तिच्याजवळ गेली. गंगुबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि काढला नाही.

स्टॅनलीने चष्मा काढला, पुसला, परत लावला. गोष्ट सांगताना तो आवाज जड करायचा, तसा त्याने केला, पण तो मधेच फाटला.

"तर... किल्ल्याच्या दारापर्यंत कप्तान बरोबर होता. तिथून तो मागे वळला. लाल कपड्यात गुंडाळून त्याला समुद्रावर नेलं गेलं. ढोल वाजत होते. पाण्याखाली..." तो थांबला. "पाण्याखाली त्याचं जहाज होतं. मिळालं त्याला."

"साला, शेवटी दिलंस," फ्रँक म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

पटावर दुसरा कप्तान उभाच होता, एक डोळा बुटांकडे, एक आढ्याकडे. त्याचं काय करायचं हे कोणाला कळेना. धनेशने त्याला उचलून डबीत ठेवायला हात पुढे केला.

"थांब," जेन म्हणाली. "मग हा कोण?"

"अजून कोणीच नाही."

तिने त्याला तळहातावर घेतलं. "मग ह्याला जेरीचे डोळे कशाला? ह्याला सरळ डोळे काढ. इथेच काढ. आज खेळायला चौथा लागेल ना, मी बसते."

ब्रशांची पेटी धनेशच्या पिशवीत असायचीच. जेनने दिवा जवळ ओढला. त्याने जुने डोळे अलगद पुसून घेतले आणि श्वास रोखून ब्रश टेकवला. उजवा डोळा आला तो नेहमीसारखा, रेघेवर रेघ. डाव्याला मात्र त्याच्या स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आलं आणि हात हलला. जरासा, केसाएवढा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तो पुसायला गेला तर जेनने त्याचं मनगट धरलं. तिने मिनी दिव्याखाली फिरवला. डावा डोळा किंचित वर गेला होता.

"सरळ सांगितलं होतं ना तुला," ती म्हणाली, आणि तो कप्तान हातात तसाच धरून रिकाम्या खुर्चीत बसली.

गंगुबाईने वाकून, तिच्या खांद्यावरून भिंगात पाहिलं. मग सवयीने हात जोडले.

"लवकरच इलो मगे," ती म्हणाली.